हिशेबनीसाचा पगार कोण देणार?

“निधी भरपूर आहे हो, तुमच्या लोकांना मागता येत नाही.” सामाजिक संस्थांच्या कुठल्याही मेळाव्याला जा, हे वाक्य कानावर पडतेच. बोलणारा बहुधा एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागातला असतो, नाहीतर निधी उभारणीची शिबिरे घेणारा सल्लागार. समोर बसलेले कार्यकर्ते माना डोलावतात, वहीत लिहून घेतात: चांगली वेबसाइट हवी, दोन मिनिटांची चित्रफीत हवी, आपल्या कामाची ‘स्टोरी’ सांगता आली पाहिजे. मग चहाची सुट्टी होते आणि हाच वक्ता कपातला चहा ढवळत दुसरे वाक्य बोलतो: “एक मात्र स्पष्ट सांगतो, आमचा पैसा पगारावर गेलेला चालणार नाही. तो थेट लाभार्थ्यापर्यंत पोचला पाहिजे.”

ही दोन्ही वाक्ये चूक आहेत, असे माझे म्हणणे आहे. आणि एकाच तोंडून निघाली की ती नुसती चूक राहत नाहीत, अन्याय होतात. पहिल्यात संस्थेने व्यावसायिक व्हावे असा उपदेश आहे. दुसऱ्यात, त्यासाठी लागणारा पैसा मिळणार नाही अशी तंबी आहे.

छोटी संस्था म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर वर्षाला तीन-चार लाखांपासून पंधरा-वीस लाखांपर्यंत खर्च करणाऱ्या संस्था आहेत. वस्तीतला अभ्यासवर्ग, तालुक्याच्या गावातले मुलांचे वाचनालय, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरांसाठी चालणारे हंगामी वसतिगृह, विशेष मुलांची चार खोल्यांची शाळा. यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत आणि यांच्या कार्यक्रमाला कुणी सिनेनट येत नाही.

आधी ‘भरपूर निधी’चे पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजेच सीएसआरवर, खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. देशभरातला हा खर्च २०२२-२३ मध्ये सुमारे ३० हजार कोटी रुपयांवर गेला. राज्यवार यादीत महाराष्ट्र वर्षानुवर्षे पहिला आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे, यात शंका नाही. पण तो कुठल्या दारातून आत येतो?

कंपनीचे पैसे घ्यायचे तर संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जीची नोंदणी हवी, २०२१ पासून सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक हवा, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. या अटी गैर आहेत असे मी म्हणत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कंपनीच्या त्या विभागात दोन-तीन माणसे असतात आणि मार्चअखेर कोट्यवधींचा हिशेब जुळवायचा असतो. तीन लाखांच्या चाळीस संस्था सांभाळण्यापेक्षा सव्वा कोटीची एक संस्था सांभाळणे त्यांना सोपे जाते. त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तरी हेच केले असते. म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. पण मग निधी मिळाला नाही याचे खापर समोरच्याच्या ‘मागता न येण्या’वर फोडू नका.

दुसरे दार सोशल स्टॉक एक्स्चेंजचे. सेबीने २०२२ मध्ये त्याची नियमावली आणली तेव्हा आता सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून पैसा मिळणार असे मथळे झळकले. त्यावर नाव नोंदवायला आदल्या वर्षाचा खर्च किमान ५० लाख असावा लागतो. वर सांगितलेल्या संस्थांपैकी एकही त्या उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. तिसरे दार परदेशी मदतीचे. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानाधारक मोठ्या संस्थेने आपल्याकडे आलेल्या पैशातून दुसऱ्या संस्थेला वाटा देणे बंद झाले. गावपातळीवरच्या कितीतरी संस्थांपर्यंत परदेशी पैसा असाच मधल्या संस्थेच्या हाताने येत असे. तो झरा एका दुरुस्तीने आटला. यातल्या कुठल्या अडथळ्यावर ‘स्टोरी टेलिंग’चा उतारा चालतो, ते शिबिरवाल्यांनी सांगावे.

आता कागदांचे. महाराष्ट्रातली नोंदणीकृत संस्था म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षण अहवाल आले. विश्वस्त बदलला, वारला, पत्ता बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट आला. तो मंजूर झाला नाही की शेड्यूल वन या नोंदीच्या उताऱ्यावर जुनीच नावे राहतात, आणि बँक त्याच कागदावर बोट ठेवून खाते अडवते. आयकराचे विवरणपत्र वेगळे, त्याचा ऑडिट रिपोर्ट वेगळा. २०२१ पासून ८०जीची पावती नुसती फाडून भागत नाही. प्रत्येक देणगीदाराचे नाव, पॅन आणि रक्कम दहा-बीडी अर्जात भरून ३१ मेपर्यंत पाठवायची, मग दहा-बीई प्रमाणपत्र निघते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. शिवाय संस्थांच्या नोंदणीचे दर्पण पोर्टल, डिजिटल स्वाक्षरी आणि ओटीपी, तोही ज्या विश्वस्ताच्या मोबाइलवर येतो ते नेमके गावी गेलेले. (नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे क्रमांक बदलतात. पण सगळ्यांच्या तोंडी जुनेच आहेत, म्हणून मीही तेच वापरतो.) सरकारने २०२५ मध्ये एक बरे केले: पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांची १२एबी नोंदणी पाचऐवजी दहा वर्षे चालेल अशी दुरुस्ती केली. तेवढीच एक खेप वाचली.

हे सगळे कोण करते? छोट्या संस्थेत संस्थापक बाई किंवा संस्थापक सर, रात्री, पोरे घरी गेल्यावर. ज्या हातांनी दिवसा शिकवायचे, त्याच हातांनी रात्री व्हाउचर चिकटवायची. या माणसाला दोन दिवस शहरात बोलावून निधी उभारणी शिकवणे म्हणजे मदत, असे मानणाऱ्यांना मी एकच विचारतो. त्या शिबिराच्या हॉलभाड्यात आणि जेवणावळीत अर्धवेळ हिशेबनीसाचा किती महिन्यांचा पगार निघाला असता?

म्हणजे गाडी पुन्हा पगारावर आली. आणि खरे भांडण तिथेच आहे.

“पगारावर पैसा नको” म्हणणाऱ्या देणगीदारासमोर मी एक अंदाजपत्रक ठेवतो. समजा, वस्तीत ६० मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. दोन ताई, प्रत्येकी महिना ८,००० मानधन, म्हणजे वर्षाचे १,९२,०००. खोलीचे भाडे महिना ५,०००, म्हणजे ६०,०००. हिशेब आणि लेखापरीक्षणाचे ३५,०००. वीज, छपाई, खडू, किरकोळ १८,०००. एकूण ३,०५,०००. एका मुलामागे वर्षाला पाच हजारांच्या जरा वर. यातून मानधन, भाडे आणि हिशेब काढून टाकला, तर ‘थेट लाभार्थ्यापर्यंत’ पोचायला उरले १८ हजार. आता उदार देणगीदार येतो आणि प्रत्येकी ५०० रुपयांची ६० दप्तरे वाटतो. तीस हजार खर्च झाले, फोटो निघाला, दप्तरावर कंपनीचे नाव झळकले. दप्तर घेऊन पोरगी आली, तर तिला भागाकार शिकवायला कोण आहे? ताई महिना आठ हजारांत राबते आहे, तिलाही तीन महिने ते मिळालेले नाहीत. ती मॉलमधल्या दुकानात लागेल तो दिवस दूर नाही.

शाळेत शिक्षकाचा पगार हा ‘वरखर्च’ आहे असे कुणी म्हणत नाही. दवाखान्यात परिचारिकेचे वेतन कापा, पैसा थेट रुग्णाला द्या, असेही कुणी म्हणत नाही. सामाजिक संस्था म्हटले की मात्र माणूस खर्चाच्या चुकीच्या रकान्यात जातो. अभ्यासवर्गात ताई हाच कार्यक्रम आहे. समुपदेशन केंद्रात समुपदेशक हाच कार्यक्रम आहे. बाकी खोली आणि सतरंजी.

यावर सीएसआरवाले नियमाचा आधार देतात: “काय करणार, ॲडमिन खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही.” हा गैरसमज इतका पसरला आहे की संस्थांचे लोकही तो खरा धरून चालतात. नियम नीट वाचा. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर. एखादा प्रकल्प आखणे, राबवणे, त्यावर देखरेख ठेवणे यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. आणि राबवणाऱ्या संस्थेचा प्रशासकीय खर्च या मर्यादेत मोडत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात सांगून टाकले आहे. म्हणजे कंपनीने स्वतःला घालायचा लगाम तिने संस्थेच्या तोंडात अडकवला. गंमत पुढेच आहे. मोठ्या कंपन्यांना आपल्या प्रकल्पांचे मूल्यमापन बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून घ्यावे लागते. त्यासाठी एकूण सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा ५० लाख, यांतली मोठी रक्कम हिशेबात धरायची मुभा २०२२ च्या दुरुस्तीने दिली आहे. कामाचे मोजमाप करणाऱ्याला पैसे आहेत. काम करणारीला नाहीत.

“आमच्या पूर्वजांनी पै न घेता संस्था उभ्या केल्या,” हा युक्तिवाद तर हुकमी एक्क्यासारखा टाकला जातो. तो टाकणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या संस्थांचा इतिहास बहुधा तसबिरींवरून वाचलेला असतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करत, हे खरे. पण फुकट नव्हे. गोपाळ कृष्ण गोखल्यांना फर्ग्युसनमध्ये महिना ७५ रुपये ठरले होते. बाहेर कितीतरी अधिक मिळाले असते, तो त्यांचा त्याग. पण घर चालेल एवढे वेतन संस्था देत होती, म्हणूनच तो त्याग वीस वर्षे टिकू शकला. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले त्या वादातही आजीव सदस्यांचे वेतन आणि त्यांची बाहेरची कमाई हाच कळीचा मुद्दा होता. म्हणजे त्या पिढीने पगाराचा प्रश्न लाजून झाकून ठेवला नाही, त्यावर ती कडाक्याने भांडली. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तोही सदस्यांच्या निर्वाहाची सोय लावूनच. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला, तेव्हा ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. चूल तिथल्या पगारावर पेटत होती. आजच्या तालुक्यातल्या कार्यकर्तीला फर्ग्युसनची नोकरी कोण देतो आहे?

त्या काळाकडून घ्यायचेच असेल, तर पैसा कसा गोळा झाला ते घ्या. पणजीत १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घरोघरच्या मूठ-मूठ तांदळावर, नाव त्यावरूनच पडले. त्याच वर्षी तळेगावला काचकारखाना निघाला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत हिंडून तो फंड जमवला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेलाही मुष्टिफंडाचा आधार होता. मूठभर तांदूळ देणाऱ्या बाईने हा दाणा अमक्याच मुलाच्या ताटात पडला पाहिजे, स्वयंपाकिणीच्या ताटात नको, अशी अट घातल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

भामट्या संस्थांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. कागदावरच्या संस्था आहेत, घरच्या चार जणांचे विश्वस्त मंडळ आहे, त्याच मुलांचे फोटो तीन प्रकल्पांत दाखवणारे महाभाग आहेत. देणगीदाराने डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत. पण ‘पगारावर किती टक्के’ ही भामटा ओळखण्याची सर्वांत निरुपयोगी कसोटी आहे. लबाड माणूस तो आकडा सहज शून्यावर आणतो, कारण त्याच्याकडे खरी माणसे कामाला नसतातच. उलट या आग्रहापायी प्रामाणिक संस्था खोटे बोलायला शिकतात. ताईंचे मानधन ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून दाखवायचे, भाडे ‘कार्यक्रम खर्च’ म्हणून, हिशेबनीसाला ‘प्रशिक्षक’ करायचे. अशी अंदाजपत्रके मी पाहिली आहेत, ती करणारी माणसे एका पैशाला हात लावणारी नव्हती. खोटे लिहिताना त्यांचा हात अडखळतो, ते लिहून घेणाऱ्याचा मात्र नाही. पारखायचेच असेल तर न सांगता एका दुपारी जाऊन बसा. तीन वर्षांचे ऑडिट मागा. विश्वस्तांच्या बैठकीचे इतिवृत्त पाहा. पगारपत्रक आवर्जून पाहा: कुणाला किती मिळते, वेळेवर मिळते का, आणि अध्यक्षांच्या घरातले किती.

संस्थांच्या बाजूनेही सगळे आलबेल नाही. कित्येक संस्थापकांना पगार मागणे कमीपणाचे वाटते, मग ते दुसऱ्यालाही देत नाहीत. इतिवृत्त लिहिलेले नसते, चेंज रिपोर्ट आठ-आठ वर्षे दाखल नसतो, देणगीदाराला पैसे मिळाल्याचे पत्रसुद्धा जात नाही. आणि सर्वांत घातक सवय म्हणजे मिळेल तो प्रकल्प घेणे. चार लाखांचा प्रकल्प आला, त्यात हिशेब, प्रवास, देखरेख यांना पैसे नाहीत, तरी घेतला. मग ते पैसे जुन्या कामातून जातात आणि दोन्ही कामे अशक्त होतात. अशा प्रकल्पाला नाही म्हणायला शिकवणारे शिबिर कुणी काढले, तर मी स्वखर्चाने जाईन. तोवर एवढे तरी करावे: प्रत्येक अर्जात हिशेबनीसाच्या आणि खोलीच्या खर्चाचा वाटा उघडपणे, वेगळ्या ओळीत लिहावा. कंपनीने तो कापला, तर मंत्रालयाचे परिपत्रक जोडून पुन्हा मागावा.

लोकवर्गणीचा रस्ता छोट्या संस्थांसाठी अजूनही सर्वांत खात्रीचा आहे, जरी त्यावरही नवे खड्डे पडलेले असले तरी. ८०जीची सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि २०२३ पासून नवी प्रणालीच मूळ धरली जाते. ‘करात सूट मिळते’ या एका वाक्यावर देणग्या मागणाऱ्यांची पंचाईत होणार आहे. दोन हजारांवरच्या रोख देणगीला तर सवलत आधीच नव्हती. नाव-पत्त्याशिवाय पेटीत पडलेली रक्कम एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतल्या मोठ्या आकड्यापुढे गेली की धर्मादाय संस्थेला त्यावर ३० टक्के कर आहे. देवस्थानाच्या दानपेटीला ही अडचण नाही. तरीही माणसे देतात. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात २०११ पासून गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक धनादेश पाठवतात. पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरते, तिथे माणसे आईवडिलांच्या नावाने संस्था निवडतात. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९७८ मध्ये सुरू केलेले महाराष्ट्र फाउंडेशन इथल्या कामांना हात देत आले आहे. यांतल्या कुणीही संस्थेला आधी चित्रफीत करायला लावली नाही. विश्वासातल्या मध्यस्थाने ओळख करून दिली आणि लोकांनी पैसे दिले. छोट्या संस्थेला लागणारी निधी उभारणीची मदत ती हीच, कुणीतरी तिच्या वतीने शब्द टाकणे.

वरच्या अंदाजपत्रकाकडे पुन्हा पाहा. महिना ५०० रुपये देणारी ५१ माणसे मिळाली, तर वर्षाचे ३,०६,००० होतात. पूर्ण खर्च भागून हजार रुपये उरतात. ५१ माणसे गावात आहेत, माजी विद्यार्थ्यांत आहेत, एका गृहसंकुलात तर सहज आहेत. बँकेत महिन्याची स्थायी सूचना देऊन ठेवली की कुणाला आठवण करायलाही नको. वर्षाकाठी एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा ही बारीक रक्कम मोलाची, कारण तिच्या भरवशावर ताईला जूनमध्ये ‘मार्चपर्यंत पगार नक्की’ असे सांगता येते.

पैसे नसतील, तर वेळ द्या, पण हवा तिथे. झाडे लावायला आणि भिंती रंगवायला स्वयंसेवक पुष्कळ येतात. एप्रिल-मेमध्ये दहा-बीडी भरून देणारा कुणी येत नाही. निवृत्त बँक कर्मचारी, लेखापाल, वकील यांनी आपल्या तालुक्यातल्या दोन संस्थांचे कागद वर्षभर सांभाळले, तर ती लाखमोलाची देणगी आहे. शेजारच्या पाच-सहा संस्थांनी मिळून एक हिशेबनीस ठेवावा आणि त्याचा पगार एखाद्या कंपनीने तीन वर्षे द्यावा. कंपन्यांना नावीन्य हवे असते ना, हे घ्या. फोटो मात्र चांगला येणार नाही, संगणकासमोर बसलेला एक माणूस दिसेल.

आणि तुम्ही, वाचक. या वर्षी कुठल्याही छोट्या संस्थेला देणगी दिलीत, तर सोबतच्या पत्रात वस्तूचे, कार्यक्रमाचे नाव घालू नका. ‘कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी व कार्यालयीन खर्चासाठी’ असे लिहा, खाली सही करा, आणि रक्कम दर महिन्याला जाईल अशी व्यवस्था करा.